७५ डेसिबलची चुकीची फूटपट्टी

संशोधनासाठी विषय शोधताना 'कारखान्यातील आवाज आणि कामगारांचे आरोग्य' हा विषय हमखास समोर येतो. सोपा वाटतो. मानपाड्याला उतरायचं, डोंबिवली एमआयडीसीतले चार-पाच कारखाने गाठायचे, साउंड लेव्हल मीटर धरायचा, रीडिंग लिहायची, झाला तक्ता तयार. एम.एस्सी.च्या डेझर्टेशनला मी नेमकं हेच केलं होतं. त्यामुळे ही टीका आधी माझ्यावर, मग तुमच्यावर.

माझी पहिली चूक फूटपट्टीची. शेडमधल्या पॉवर प्रेसजवळचं रीडिंग मी औद्योगिक क्षेत्राच्या ७५ डेसिबलच्या मर्यादेशी ताडून पाहिलं आणि 'मर्यादेचे उल्लंघन' असं ठळक अक्षरात लिहिलं. ही मर्यादा ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधली. ती परिसरातल्या आवाजासाठी आहे, दिवसा ७५ आणि रात्री ७०. मशीनवर उभ्या माणसाच्या कानाशी तिचा संबंध नाही. त्याच्यासाठी कारखाना नियम बघावे लागतात. तिथे आठ तासांना ९० डीबीए, चार तासांना ९५, दोन तासांना १०० असा तक्ता आहे आणि ११५ च्या वर अजिबात नाही. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न इथेच येतो. मला आला होता.

पण बरोबर तक्ता सापडला म्हणून काम संपत नाही, कारण तो तक्ताच तपासण्यासारखा आहे. त्यात दर ५ डेसिबलला परवानगीचा वेळ निम्मा होतो. ध्वनीची ऊर्जा मात्र ३ डेसिबललाच दुप्पट होते. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस ८५ डीबीए आणि ३ डेसिबलचा हिशोब अशी आहे. त्या हिशोबाने ९० डीबीएमध्ये आठ तास म्हणजे सुरक्षित मात्रेच्या तिपटीहून जास्त. आपल्याकडे तेच शंभर टक्के, म्हणजे नियमात बसलं! आता ८८ डीबीए आणि बारा तासांची शिफ्ट घ्या. आपला तक्ता ९० पासूनच सुरू होतो, तिथे हा माणूस दिसतच नाही. नायोशच्या हिशोबात त्याची मात्रा ३०० टक्के होते. एकच कामगार, दोन निष्कर्ष. कुठला हिशोब वापरला आणि का, हे ज्या प्रबंधात लिहिलेलं नाही, तो मी बाजूला ठेवतो.

सरासरीबद्दल थोडक्यात: ८० आणि १०० ची सरासरी ९० नव्हे. दोन्ही सारखाच वेळ असतील तर ती साधारण ९७ येते. एक्सेलचं ॲव्हरेज इथे चालत नाही. आणि मीटर कोपऱ्यात ठेवून कामगाराची मात्रा कळत नाही. तो प्रेसवरून ग्राइंडरवर जातो, चहाला जातो. त्यासाठी खांद्यावर लावायचा डोसिमीटर हवा.

ऑडिओग्राममध्ये ४००० हर्ट्झजवळ खाच दिसली की विद्यार्थी खूश होतात. शिफ्ट सुटल्यासुटल्या तपासलं तर कानाला नुसते दडे बसलेले असू शकतात. आधी किमान १४ तास शांतता हवी, म्हणजे तपासणी सकाळी, कामाआधी. आणि ज्यांना ऐकू येईनासं झालं ते काम सोडून गेले असतील तर तुमच्या नमुन्यात धडधाकटच उरतात. त्यावरून 'परिणाम अल्प' असं लिहू नका.

डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ ला स्फोट झाले, त्या बातम्या सगळ्यांना आठवतात. बहिरेपणाची बातमी होत नाही, तो दहा-पंधरा वर्षं घेतो. कायद्यात तो आहे. आवाजामुळे येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्यातही कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत होता. पण २०२० च्या श्रमसंहितेप्रमाणे विजेवर चालणारं युनिट कारखाना ठरायला वीस कामगार लागतात. सातजणांच्या शेडमधला टर्नर कोणी, कुणाला कळवायचा? नमुना निवडताना फक्त मोठे, परवानगी देणारे कारखाने घेतलेत तर हा टर्नर पुन्हा सुटतो.

प्रश्नावलीही बदला. 'ऐकू कमी येतं का?' असं मालकासमोर विचारलं की उत्तर 'नाही'च येतं, नोकरीचा प्रश्न असतो. मी पुढच्या खेपेला बाहेर चहाच्या टपरीवर विचारलं, "काका, घरी टीव्हीचा आवाज कमी कोण करतं?" अकरा जणांना विचारलं. सातजण हसले आणि म्हणाले, "बायको."