सहा कळा, एक ओळ

ब्रेल नोटटेकरांची, म्हणजे ब्रेलमध्ये नोंदी घेण्याच्या छोट्या यंत्रांची, तुलना निघाली की आधी तक्ता पुढे येतो. सेल किती, मेमरी किती, बॅटरी किती तास, किंमत किती. तक्ता खोटा नसतो, पण त्यातून यंत्राचा स्वभाव कळत नाही. तो कळायला यंत्र मांडीवर घेऊन एक पान लिहावं लागतं आणि एक पान वाचावं लागतं. इथे मी तीनच यंत्रं घेतो: 1987 चं ब्रेल एन स्पीक, 2000 चं ब्रेलनोट आणि गेल्या दशकात आलेलं ऑर्बिट रीडर 20. यांच्याहून नवी आणि महाग यंत्रं बाजारात आहेत. पण या जातीचे बहुतेक गुण-अवगुण या तिघांत सापडतात.

ब्रेल एन स्पीकमध्ये ब्रेल वाचायची सोयच नाही, आणि तरीही या घराण्याचं मूळपुरुषपण त्याच्याकडेच जातं. त्याच्याआधी व्हर्साब्रेल होतं. त्याला 20 सेलची, म्हणजे ठिपके वर-खाली होऊन एकेक ब्रेल अक्षर उमटवणाऱ्या 20 घरांची, ओळ होती, नोंदी कॅसेटवर उतरायच्या. पण ते वजनदार होतं. डीन ब्लेझी शाळकरी वयापासून केंटकीतले अंध संशोधक टिम क्रॅनमर यांच्या हाताखाली शिकले होते. अंध माणसाचा दिवस कसा जातो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ओळच काढून टाकली. राहिल्या सहा ठिपक्यांच्या सहा कळा, मधली स्पेसची सातवी, आणि एक यांत्रिक आवाज. लिहायचं ब्रेलमध्ये, ऐकायचं कानांनी. यंत्राला पडदा नाही, एंटर नाही, बाण नाहीत. बंद करून खिशात टाका, तासाभराने चालू करा, अर्धवट वाक्य जिथे सोडलं तिथेच ते तुमची वाट पाहत असतं. आजच्या फोनवाल्यांना यात काय नवल वाटेल म्हणा. पण वर्गात पर्किन्स ब्रेलर या ब्रेल टंकयंत्राचा खणखणाट करणाऱ्या किंवा पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरं टोचत बसणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा.

ब्रेल एन स्पीकच्या सात कळांत सगळं कसं बसलं, ही या यंत्राची खरी करामत. स्पेस दाबून धरायची आणि तिच्याबरोबर एखादं अक्षर दाबायचं, की हुकूम झाला. वापरणारे याला कॉर्ड म्हणतात. एक नंबरचा ठिपका आणि स्पेस म्हणजे मागे, चार नंबरचा आणि स्पेस म्हणजे पुढे. एक हा डाव्या तर्जनीखाली, चार हा उजव्या तर्जनीखाली, म्हणजे दिशा हातातच आहे. डाव्या हाताची तिन्ही बोटं, 1-2-3, स्पेसबरोबर दाबली की मजकुराचा आरंभ. उजवी तिन्ही, 4-5-6, दाबली की शेवट. इंग्रजीत 1-2-3 म्हणजे एल, 4-5-6 ला मात्र स्वतःचं असं अक्षर नाही. मराठी वाचकाला इथे एक खास मजा येते. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये 1-2-3 म्हणजे ल आणि 4-5-6 म्हणजे ळ. आपल्यासाठी फाइल ल पासून ळ पर्यंत पसरलेली असते. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण लक्षात राहायला याहून सोपं काही सापडणार नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या यंत्रांनी हीच खूण पाळली आहे, आणि ती पाळली म्हणूनच एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याचे हात चाचपडत नाहीत.

आवाजाची मर्यादा मात्र लवकर जाणवते. दिन आणि दीन, सुत आणि सूत कानाला जवळजवळ सारखेच. ऐकून ऐकून ज्याचं शिक्षण झालं, त्याचं शुद्धलेखन पहा म्हणजे कळेल. ब्लेझींनाही ते कळलं होतं. नंतरच्या ब्रेल लाइटमध्ये 18 सेलची ओळ आलीच.

ओळ वाचण्याचं सुख ब्रेलनोटने दिलं. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमधल्या पल्स डेटाचं हे यंत्र, पुढे ही कंपनी ह्यूमनवेअर झाली. 18 सेलचं एक, 32 सेलचं दुसरं. आत विंडोज सीई होतं, पण कीसॉफ्ट नावाच्या आवरणाने ते असं झाकलं होतं की वापरणाऱ्याला त्याचा वारा लागत नसे. तरी ब्रेलनोटची माझ्या मते सर्वांत सुंदर गोष्ट आतल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. ती पुढच्या कडेला आहे: चार अंगठ्याच्या कळा. बोटं ओळीवर ठेवायची, ओळ संपली की अंगठा दाबायचा, पुढची ओळ बोटांखाली येते. बोट उचलायचं नाही, हात हलवायचा नाही. वाचण्याची लय तुटत नाही. ज्याने कुणी अंगठ्याला हे काम दिलं, त्याने बोटांनी वाचणाऱ्याला नीट पाहिलं असणार.

2016 मध्ये याच घराण्यात ब्रेलनोट टच आलं. अँड्रॉइड, टचस्क्रीन, काचेवर बोटं टेकवून ब्रेल लिहिण्याची सोय. तांत्रिकदृष्ट्या चोख, पण मला ते भावलं नाही. अँड्रॉइड 4.4 वर ते बाजारात आलं आणि जग पुढे सरकलं. फोन दोन-तीन वर्षांनी बदलता येतो, पाच हजार डॉलरांच्या वर गेलेलं यंत्र कोण बदलणार? कीसॉफ्टसारखं बंदिस्त जग कंटाळवाणं असेल, पण ते शिळं होत नसे. कोरियाच्या हिम्स कंपनीची ब्रेलसेन्सही याच वाटेने गेली. ती यंत्रं गुणी आहेत. ज्याला एकाच पेटीत ईमेल, कागदपत्रं, ब्राउझर सगळं हवं, त्याने त्यांचा विचार जरूर करावा.

किंमत एवढी का, हे ठिपक्यात दडलेलं आहे. प्रत्येक सेलमध्ये आठ पिना. प्रत्येक पिनेखाली एक पातळ पट्टी, तिला सुमारे 200 व्होल्ट दिले की ती वाकते आणि पिन वर येते. म्हणजे 32 सेलच्या यंत्रात 256 पिना आणि तितक्याच नाजूक पट्ट्या, त्याही अचूक जुळवलेल्या. यांना पिझोइलेक्ट्रिक सेल म्हणतात. ओळ क्षणात बदलते, आवाज जवळपास होत नाही. पण जोरात दाबलं की ठिपका किंचित खाली दबतो.

ऑर्बिट रीडर 20 ने हीच रचना बाजूला ठेवली. अनेक देशांतल्या अंधसंस्थांनी एकत्र येऊन ट्रान्सफॉर्मिंग ब्रेल ग्रुप स्थापला, आणि ऑर्बिट रिसर्च कंपनीने वेगळ्याच तंत्राचे ठिपके घडवले. बाजारात आलं तेव्हा किंमत सुमारे 500 डॉलर होती. यंत्र 20 सेलचं, वाचून दाखवणारा आवाज नाही, हवी तेवढी पुस्तकं एसडी कार्डावर. यात काही कमी आहे, हे पहिल्या पानातच कळतं. ओळ एकदम बदलत नाही. ठिपके डावीकडून उजवीकडे एकामागून एक उभे राहतात, आणि सुपात डाळ घोळवल्यासारखा आवाज होतो. गप्प वर्गात तो सगळ्यांना ऐकू जातो. शिवाय पिझो यंत्रांत प्रत्येक सेलच्या वर एक छोटी कळ असते, ती दाबली की कर्सर थेट त्या अक्षरावर येतो. ऑर्बिटमध्ये ती नाही. मधलं एक अक्षर दुरुस्त करायचं तर सरकत सरकत तिथपर्यंत जावं लागतं.

आणि तरीही वाचण्यापुरतं मी ऑर्बिटला झुकतं माप देतो. त्याचा ठिपका ठाम आहे. भिंतीवरच्या धातूच्या पाटीवर ब्रेल कोरलेलं असतं तसा तो बोटाखाली हलत नाही. मराठीला याची फार गरज आहे. भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकार म्हणजे 2-4 आणि दीर्घ ईकार म्हणजे 3-5. आकार तोच, तिरपेपणा तोच, फक्त दुसरा एक पायरी खाली. दिन आणि दीन यांत एवढाच फरक. ठिपका जरा डळमळला की घोळ झालाच. ऑर्बिटवर हा फरक बोटाला नीट सापडतो.

ओळीची लांबी हा मात्र मराठीचा स्वतंत्र जाच आहे. इंग्रजीत संक्षेपांची सोय आहे, द किंवा अँड एकेका सेलमध्ये मावतात. आपल्याकडे मात्रा सुटी, हलन्त सुटा. महाराष्ट्र हा शब्द 10 सेल खातो: म, ह, आकार, र, आकार, मग जोडाक्षरासाठी ठिपका 4, ष, पुन्हा ठिपका 4, ट आणि र. विद्यार्थी या शब्दालाही 10 सेल लागतात. ज्ञानेश्वरी 9 मध्ये बसते, कारण ज्ञ ला स्वतःचं अक्षर आहे. छापील ब्रेल पानाची ओळ साधारण 40 सेलची असते. 18 सेलवर मराठी वाचताना दोन शब्द झाले न झाले तोच ओळ संपते. 20 वर थोडं बरं, 32 वर वाक्याला श्वास मिळतो. इंग्रजी वाचून यंत्रांची तुलना करणाऱ्यांना हे लक्षात येत नाही.

माझा कौल असा: शाळेत जाणाऱ्या, ज्याने अजून मनापासून ब्रेल वाचलेलं नाही त्या मुलासाठी ऑर्बिट. दिवसभर मसुदे दुरुस्त करणाऱ्या वकिलासाठी किंवा शिक्षकासाठी 32 सेलची पिझो ओळ, अंगठ्याच्या कळांसह. ब्रेल एन स्पीक आता बनत नाही, पण एखाद्या जुन्या शिक्षकाच्या कपाटात सापडलं तर त्याच्या कळांवर एकदा जरूर हात ठेवून पहा.

आणि एक विनंती. नोटटेकर घेताना बहुधा इंग्रजी मजकूरच दाखवला जातो. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून एखादं मराठी पुस्तक ब्रेल स्वरूपात आधीच उतरवून घ्या, कार्डावर टाका आणि बरोबर न्या. पैसे देण्याआधी दहा-बारा ओळी सलग वाचून घ्या, आणि दिन-दीनसारख्या जोड्या मुद्दाम तपासा.