‘हो, नक्की!’ हे उत्तर कुणाचं?

पाचगणीजवळच्या भिलारमध्ये मुलाखती घेऊन परतले आणि एका स्ट्रॉबेरी उत्पादक काकांचा ईमेल आला: ‘प्रबंधात माझं नाव येणार का?’ एआय सहायकाने उत्तर तयारच ठेवलं होतं: ‘हो, नक्की!’ संमतीपत्रात मात्र मी नाव गुप्त ठेवण्याचा शब्द दिला होता. बोट थांबलं म्हणून वाचले.

संशोधनाकडे वळणार असाल तर गूगलच्या संशोधकांचा २०१६ चा ‘स्मार्ट रिप्लाय’वरचा पेपर जरूर वाचा. ईमेल वाचून तीन छोटी उत्तरं सुचवणारी ही प्रणाली. मॉडेल होकाराकडे झुकतं, हे लेखक मोकळेपणाने सांगतात. ईमेलमध्ये होकार जास्त असावेत आणि नकार आपण आडून देत असू, हा त्यांचा अंदाज. म्हणून पहिल्या दोन उत्तरांत होकार असेल आणि तिन्हींत नकार नसेल, तर तिसरं उत्तर बदलून नकारार्थी ठेवतात. हा उपाय मला पटतो.

खटकतं ते यशाचं माप. इनबॉक्स अ‍ॅपमधल्या मोबाइलवरच्या १० टक्के उत्तरांना मदत झाली, असं पेपर म्हणतो. पण ही मोजणी वापराची आहे. पाठवणाऱ्याला खरंच तेच म्हणायचं होतं का, हे त्यातून कळत नाही. कुठलाही आकडा दिसला की आधी विचारा: नेमकं काय मोजलंय?

काकांना मी फोनच केला. त्यांना नाव नकोच होतं.