साथ की सहवादन?

मुक्त, उत्स्फूर्त वादनाची चर्चा आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य प्रयोगांच्या संदर्भात होते. पण इंग्लिश गिटारवादक डेरेक बेली याने १९८० साली या विषयावर पुस्तक लिहिले, त्याची सुरुवात भारतीय संगीतापासूनच केली.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील औंधचे. गजाननबुवा जोशी (१९११-१९८७) गायक होते आणि व्हायोलिनवादकही. एकल व्हायोलिनच्या आलापात तबला थांबलेला असतो. वाजतात त्या फक्त व्हायोलिनच्या आणि तंबोऱ्याच्या तारा. या छोट्या तंतुवाद्यमेळाचे श्रेय समीक्षा एकट्या व्हायोलिनला देते. मला हे अपुरे वाटते.

तंबोरा नुसता आधारस्वर धरत नाही. सांगली जिल्ह्यातील मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात. तार आणि घोडी यांमध्ये सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला, की खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. त्यात छेडणाऱ्या बोटाचा जोर दर वेळी किंचित बदलतो. आलापातला स्वर किती रेंगाळावा, हे वादक या झंकारावरही ठरवतो. म्हणून मी याला सहवादन म्हणतो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा छेडणारा मात्र बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत निनावीच राहतो आणि त्याची जागा विजेवरचा तंबोरा घेतो. त्या यंत्राचा स्वर अचूक असतो, पण ते वादकाला ऐकत नाही. बेलीला मुक्तता शैलीच्या चौकटीबाहेर हवी होती. आपली मुक्तता रागाच्या आत, परस्परांना ऐकण्यातून येते. तंबोऱ्यामागचे माणूस उठले, तर तिचा निम्मा आधार जाईल.