एकस्व कोणाचे?

विद्यापीठातील संशोधन प्रयोगशाळेच्या चार भिंतींत पडून राहू नये, ते बाजारात जावे, त्यातून उद्योग उभे राहावेत आणि त्यासाठी संशोधकांनी पेटंटे घ्यावीत, असा आग्रह आज सर्वत्र धरला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी पेटंटाचा भावच ठरवून दिला आहे : आंतरराष्ट्रीय पेटंटाला १० गुण, राष्ट्रीय पेटंटाला ७. २०२१ साली शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटाचे शुल्क ८० टक्क्यांनी उतरवण्यात आले. मग दलालही आलेच. पन्हाळ्यात मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरालाही एका दलालाचा फोन आला. एका यंत्राच्या अर्जावर तीन नावे झाली आहेत, चौथी जागा रिकामी आहे, पैसे भरा, तुमचे नाव घालतो, असे तो म्हणाला. ते यंत्र कशाचे, हे त्यालाही धड सांगता येत नव्हते.

मी फोन ठेवला, पण प्रश्न मनातून जाईना. ज्याने काहीच केलेले नाही त्याचे नाव कागदावर शोधकर्ता म्हणून येऊ शकत असेल, तर ज्यांनी केले त्यांची नावे कोठे जातात? कादंबरी वाचताना आपण विचारतो की, येथे बोलतो कोण, आणि मुके कोणाला ठेवले आहे? दलित साहित्याने हा प्रश्न मराठी समीक्षेला विचारायला लावला. पेटंट हाही एक लिखित दस्तऐवज आहे. शासकीय मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात. अनेकांच्या हातांनी पिढ्यान् पिढ्या घडवलेले ज्ञान एकाचे 'स्व' कसे होते, हे तपासणे समीक्षकाचे काम नाही, असे मला वाटत नाही.

हळदीचे उदाहरण आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. अमेरिकेत १९८० साली बे-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशांतून झालेल्या संशोधनाची पेटंटे स्वतःकडे ठेवण्याचा मार्ग विद्यापीठांना मोकळा झाला. विद्यापीठांनी ज्ञान विकावे, या आजच्या विचाराचे मोठे उगमस्थान तेथे आहे. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हा विजय खरा होता, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु हा विजय कोणत्या पुराव्यावर मिळाला, ते पाहिले पाहिजे. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार, परदेशात लोक एखादी गोष्ट रोज करतात, एवढे सांगून भागत नव्हते. ती छापील स्वरूपात कोठे वर्णन केलेली आहे, ते दाखवावे लागे. म्हणून ३२ संदर्भ सादर झाले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातील लेखही होता. शेतात विळा लागल्यावर बोटावर हळद दाबणारी बाई पुराव्यात बसत नव्हती. तिचे ज्ञान वाचले, कारण तेच ज्ञान योगायोगाने कोणीतरी पोथीत लिहून ठेवले होते. पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा जो अंकीय ग्रंथसंग्रह सुरू झाला, तोही आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथबद्ध परंपरांवर उभा राहिला. आता सांगा, ज्यांना लेखणी धरण्याचीच बंदी होती, त्यांच्या ज्ञानाचा छापील पुरावा कोठून आणायचा? माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या आधीच्या कोणत्याही पिढीने या कायद्यापुढे कोणता कागद ठेवला असता?

हा प्रश्न कोल्हापुरात विचारायला फार दूर जावे लागत नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावले जाते. हिरडा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांतून येतो. कातडे चुन्याच्या कुंडात भिजवायचे, केस काढायचे, त्याची पिशवी शिवून ती टांगायची आणि वरून साली-हिरड्याचा अर्क ओतत राहायचे. सालीतील आणि हिरड्यातील तुरट द्रव्य कातड्यातील प्रथिनाला धरून बसते आणि कातडे कुजायचे थांबते. हे शुद्ध रसायनशास्त्र आहे. ढोर समाजाने ते बोटांनी, नाकाने आणि डोळ्यांनी सिद्ध केले, आणि चर्मकारांनी त्या चामड्याची चप्पल घडवली. ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांनी या कामाची कृती लिहून ठेवली नाही, त्यांनी लिहिले ते विटाळाचे नियम.

या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आले. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथे याच वळणाची चप्पल मंचावर आणली, तेव्हा तिच्या वर्णनात कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. ओरड झाली, मग कंपनीने या कारागिरीचे ऋण मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली. मानांकनाच्या नोंदणीकृत मालकाने दाद मागावी, असा त्याचा आशय होता. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला आणि सुमारे ८०० युरो किमतीचे २,००० जोड येथील कारागिरांकडून करून घेण्याचे जाहीर झाले.

मानांकन नसते तर हा करारही झाला नसता, हे मी मान्य करतो. न्यायालयाचे म्हणणेही कायद्याला धरूनच होते. पण म्हणूनच कायद्याचे स्वरूप स्पष्ट दिसते. चप्पल शिवणारा कारागीर या सगळ्या व्यवहारात कोठे आहे? मालक महामंडळ, ग्राहक कंपनी, आणि कारागीर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद झाली तर झाली. स्वतःच्या बापजाद्यांनी घडवलेल्या ज्ञानाचा तो वापरकर्ता!

येथे आपल्याच चळवळीतील एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. महाडच्या परिषदेत १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढण्याचे आणि त्यांचे मांस खाण्याचे सोडा म्हणून सांगितले. मग ज्या व्यवसायात आपल्याला जातीने डांबले, त्याला आज 'वारसा' म्हणून कवटाळायचे काय? हा आक्षेप रास्त आहे. 'वारसा' हा शब्द ऐकला की मलाही भीती वाटते. तो शब्द उच्चारणारे पुष्कळदा कारागिराच्या मुलाने कुंडापाशीच राहावे, अशी गोड इच्छा बाळगून असतात. परंतु वेठ आणि ज्ञान यांत फरक केला पाहिजे. वेठ नाकारायची, ती आपण नाकारली. वेठीत राबताना जे ज्ञान हातांनी मिळवले ते मात्र आपले आहे, आणि ते दुसऱ्याच्या नावावर चढताना गप्प बसणे म्हणजे बाबासाहेबांचा विचार पाळणे नव्हे.

माझ्या एका विद्यार्थ्याने वर्गानंतर विचारले, "सर, आमच्या आज्ज्याला मिळंल का हो पेटंट?" मी माहिती काढली. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (प) प्रमाणे पारंपरिक ज्ञान हा 'शोध' ठरत नाही. ही तरतूद चोरी रोखण्यासाठी आहे आणि ती आवश्यकच आहे. पण त्याच आजोबांचा अर्क प्रयोगशाळेत नेऊन, त्यातील द्रव्य वेगळे काढून, प्रक्रियेत नावीन्य आणले, तर प्रयोगशाळेला पेटंट मिळू शकते. २००८ साली राज्यसभेत मांडलेल्या, सरकारी निधीतील संशोधनाच्या बौद्धिक संपदेविषयीच्या विधेयकात संशोधकाला उत्पन्नाचा किमान ३० टक्के वाटा देण्याची तरतूद होती. ज्याच्या ज्ञानावर संशोधन उभे राहिले त्याच्यासाठी तशी तरतूद नव्हती. २०१४ साली विधेयक मागे घेतले गेले, दृष्टी मात्र मागे घेतली गेली नाही.

आणि समजा, आमच्या मुलाला उद्या पेटंट मिळाले. पुढे काय? पन्हाळ्याच्या परिसरात शाहू महाराजांनी चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले. संशोधन आणि उद्योग यांचा सांधा जोडण्याचे ते त्या काळातील धाडसच होते. पण त्यांचा खरा प्रयोग कोल्हापूर शहरात झाला. त्यांच्या प्रोत्साहनाने गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. हॉटेल अस्पृश्याचे, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा पिऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. जागा होती, भांडवल होते, चहा होता, तरीही बाजार जातीचा होता. विद्यापीठातील नवउद्योग केंद्रे विद्यार्थ्याला खोली, संगणक आणि मार्गदर्शक देतात. पहिले गिऱ्हाईक, पहिला सावकार आणि पहिली ओळख कोणाच्या घरातून येते, हे त्यांच्या अर्जात विचारलेले नसते.

म्हणून विद्यापीठांकडे आपण काही गोष्टी स्पष्टपणे मागितल्या पाहिजेत. कारागिराच्या ज्ञानावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात, काम सुरू होण्यापूर्वी त्याच्याशी वाट्याचा लेखी करार व्हावा. त्याचे ज्ञान त्याच्याच शब्दांत, मराठीत, त्याच्या नावानिशी नोंदवले जावे, म्हणजे उद्या पुरावा मागणाऱ्यासमोर कागद ठेवता येईल. विद्यापीठांच्या बौद्धिक संपदा समित्यांत या समाजांतील शिकलेली मुले-मुली बसावीत. आणि त्या मुलांनी चामड्यातच काम करावे असे नव्हे. त्यांनी हवे तर अवकाशयान करावे. प्रयोगशाळेचे दार त्यांना उघडे असावे, एवढेच.

त्या दलालाने मला सांगितले होते की, चौथी जागा रिकामी आहे. ती रिकामी नव्हती. माझ्या विद्यार्थ्याच्या आजोबांचे नाव तेथे कोणी लिहिले नव्हते.