युद्धस्मरणाचा घाट आणि सूझी किंग टेलर

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) गुलामीतून मुक्त झालेल्या सूझी किंग टेलर कृष्णवर्णीय सैनिकांच्या एका पलटणीबरोबर राहिल्या. पटावर त्यांची नोंद धोबीण म्हणून होती. प्रत्यक्षात त्या जखमींची शुश्रूषा करीत, सैनिकांना लिहावाचावयास शिकवीत, बंदुकाही साफ करीत. मोबदला मात्र मिळाला नाही. १९०२ साली बोस्टन येथे त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आठवणींना पलटणीचे माजी गोरे कर्नल टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांची प्रस्तावना आहे. कृष्णवर्णीयांच्या लेखनास गोऱ्यांचे प्रमाणपत्र जोडण्याचा संकेत गुलामांच्या आत्मकथनांपासून चालत आलेला. संहिता मात्र या संकेतात मावत नाही. हिगिन्सन यांच्या १८७० च्या पुस्तकात सैनिक हे निरीक्षणाचे विषय आहेत. टेलर यांच्या निवेदनात ते विद्यार्थी, सोबती आणि नातलग आहेत.

युद्धस्मरणाचा रूढ घाट विजयापाशी मिटतो. टेलर तो उघडा ठेवतात. १८९८ साली श्रीव्हपोर्ट येथे मरणासन्न मुलाला घरी नेण्यासाठी त्यांना रेल्वेत शयनस्थान मिळाले नाही. हा प्रसंग त्याच ग्रंथात येतो. यास रचनेतील शैथिल्य म्हणता येणार नाही. ज्या युद्धाचे फलित हिरावले गेले, त्याचे कथन १८६५ मध्ये संपू शकत नाही, हे येथे घाटच सांगतो.