फाटकाबाहेरचं जग

जपानी शाळकरी टोळ्यांच्या मारधाडपटांना ताकाशी मिइके यांच्या 'क्रोझ झीरो'नं (2007) दुसरा जन्म दिला, यात वाद नाही. हिरोशी ताकाहाशी यांच्या 'क्रोझ' या मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, आधीची ही कथा. सुझुरान या मुलांच्या शाळेवर कब्जा मिळवायला गेन्जी येतो, सेरिझावाच्या टोळीशी भिडतो आणि शेवटी भर पावसात, चिखलात दोन्ही फौजा एकमेकांवर तुटून पडतात. काळे गणवेश, रंगवून बरबटवलेल्या भिंती, नावापुरते शिक्षक हा साचा त्यानंतर पक्का झाला. मारामारी अधिकाधिक देखणी होत गेली, पण या चित्रपटांना वजन देणारी गोष्ट हातातून निसटत चालली आहे. शाळेच्या फाटकाबाहेरचं जग आत शिरतं, तेव्हाच या पोरांच्या गुद्द्यांना अर्थ येतो. अलीकडच्या चित्रपटांनी ते फाटक जवळजवळ बंद करून टाकलं आहे.

सेइजुन सुझुकी यांनी 1966 सालीच 'केंका एरेजी'त हे नेमकं ओळखलं होतं. 1930च्या दशकातल्या ओकायामातला किरोकु प्रेमाची आणि देहाची तगमग कुठे व्यक्त करता येत नाही म्हणून हाणामारीत शिरतो. सुझुकी ती हाणामारी अगदी मजेत रंगवतात, पोरांचा अचाट उत्साह लपवत नाहीत. पण शेवटाकडे फेब्रुवारी 1936च्या लष्करी बंडाची बातमी येते, किरोकु तोक्योकडे निघतो, आणि ही रग कुणाच्या कामी येणार आहे ते एका झटक्यात कळतं. काझुयुकी इझुत्सु यांच्या 'पाच्चिगी!'मध्ये (2005) 1968च्या क्योतोत जपानी आणि कोरियन शाळांची पोरं भिडतात. वैराच्या या सत्रात एक कोरियन पोरगा जातो. त्याच्या अंत्यविधीला जपानी नायक कोसुके हजर असतो, तेव्हा एक वृद्ध कोरियन त्याला सुनावतो की आमच्या माणसांना इथे कसं राबवलं हे तुला ठाऊक तरी आहे का. कोसुकेजवळ उत्तर नसतं. तोवर निव्वळ पोरांची वाटणारी भांडणं आजोबांच्या पिढीपासून चालत आलेली आहेत, हे त्या खोलीत उमगतं. या विषयावरच्या चित्रपटांत याहून थेट काळजाला भिडणारा प्रसंग मी तरी पाहिलेला नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. 1985च्या 'बी-बॉप हायस्कूल'नं असला कुठलाच भार उचलला नव्हता, तरी तो गाजला, त्याचे पुढचे भागही निघाले. धावत्या रेल्वेतून थेट नदीत पडण्याचा त्यातला स्टंट आजही धडकी भरवतो. मात्र त्या वेळच्या प्रेक्षकाला बाहेरचं जग पडद्यावर दाखवायची गरजच नव्हती. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसांच्या हिशेबी मोटरसायकलवाल्या टोळ्यांत चाळीस हजारांहून जास्त पोरं होती, शाळांमधली हिंसा हा घरोघरचा चिंतेचा विषय होता. पडद्यावरचा टोळीतला पोरगा शेजारच्या गल्लीतच राहत होता. आज तो जवळपास दिसेनासा झाला आहे, म्हणून त्याच्यामागची परिस्थिती चित्रपटालाच उभी करावी लागते. नुसता गणवेश आणि केशरचना उभी करून भागत नाही.

शिगेआकी कुबो यांच्या 'हाय अँड लो: द वर्स्ट'मध्ये (2019) नेमकी हीच संधी होती. शेवटची लढाई एका जुन्या सरकारी वसाहतीत होते. जिने, गॅलऱ्या, मजल्यामागून मजले असा तिचा थरार बेजोड आहे, आणि नायकाच्या बालमित्रांचं लहानपण त्याच वसाहतीत गेलेलं आहे. त्यातला एक अमली पदार्थांच्या धंद्यात का ओढला जातो, हा प्रश्न समोर येतो खरा, पण कॅमेऱ्याला त्यापेक्षा उड्यांची घाई. राहती इमारत बघता बघता मैदान होऊन जाते.

'मांगावरचे कल्पनारंजनपर चित्रपट आहेत, त्यांच्याकडून समाजशास्त्र कशाला मागायचं?' असं चाहते म्हणतात. पण 'क्रोझ झीरो' टिकला तो केनमुळे. सुझुरानमधून बाहेर पडलेला, याकुझाच्या, म्हणजे गुन्हेगारी टोळीच्या, खालच्या पायरीवर अडकलेला हा माणूस स्वतःला न जमलेली गोष्ट गेन्जीकडून व्हावी म्हणून झटतो. या पोरांचं पुढे काय होतं, ते त्याच्या थकलेल्या चेहऱ्यावर दिसतं. आणि मांगाचीच सबब असेल, तर तोशिआकी तोयोदा यांचा 'आओई हारु'ही (2002) ताइयो मात्सुमोतो यांच्या मांगावरच बेतलेला आहे. त्यात म्होरक्या ठरतो तो गच्चीच्या कठड्याबाहेर उभं राहून, हात सोडून सर्वांत जास्त टाळ्या वाजवणारा. कोशिएनच्या शालेय बेसबॉल स्पर्धेचं स्वप्न हुकलेला किमुरा मात्र खालच्या फाटकाशी थांबलेल्या याकुझाच्या गाडीत बसून निघून जातो. याच तोयोदांनी 2014 साली 'क्रोझ एक्स्प्लोड' केला. हाणामारी भरपूर आहे, छायाचित्रणही सुरेख आहे, पण किमुरासारखा गाडीत बसणारा एकही पोरगा त्यात मनात राहत नाही.