जुन्या रेडिओचे मेळे: कोणाचा आवाज, कोणाची आठवण

आज ज्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे ती वरवर पाहता हौसेची आहे. अमेरिकेत जुन्या रेडिओच्या चाहत्यांची संमेलनं भरतात, म्हणजे भरत असत असंच आता बरेचदा म्हणावं लागतं. त्यातलं न्यू जर्सीमधल्या नेवार्कचं 'फ्रेंड्स ऑफ ओल्ड टाइम रेडिओ' हे मोठं नाव. शेवटचं संमेलन ऑक्टोबर 2011 मध्ये झालं आणि आयोजकांनी ते बंद केलं. त्याच महिन्यात रेडिओचा थोर लेखक नॉर्मन कॉर्विन एकशे एकाव्या वर्षी गेला. योगायोगच, पण बोलका.

तिथे काय चालायचं? आपल्या साहित्य संमेलनासारखंच थोडंफार. एका दालनात कॅसेटी, सीड्या, पुस्तकं विकणारे. परिसंवाद. जुन्या कलाकारांचे सत्कार. आणि ज्यासाठी लोक खरे जात तो प्रकार म्हणजे जुन्या संहितेचा पुन्हा प्रयोग. हातात कागद, समोर मायक्रोफोन, बाजूच्या टेबलावर आवाज काढणाऱ्याचा पसारा. नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोडा, सेलोफेनचा कागद चुरगाळला की आग, कॉर्नस्टार्चची पिशवी दाबली की बर्फावरची पावलं.

संमेलनाची जमेची बाजू आधी मांडतो, ती मोठी आहे. ज्याला अमेरिकन रेडिओचं सुवर्णयुग म्हणतात ते 30 सप्टेंबर 1962 ला संपलं असं धरतात. सीबीएसवरच्या शेवटच्या दोन नाट्यमालिका त्या दिवशी बंद झाल्या. त्याआधीची बरीच वर्षं कार्यक्रम थेट व्हायचे. मोठ्या कंपन्यांना ध्वनिमुद्रित कार्यक्रम लावणं मंजूर नव्हतं. पूर्वेकडचा प्रयोग झाला की तेच नट तीन तासांनी पश्चिम किनाऱ्यासाठी तो अख्खा पुन्हा करायचे! ज्या तबकड्या निघाल्या त्या जाहिरातदारासाठी, नोंदीसाठी किंवा लष्करी रेडिओसाठी. कंपन्यांनी त्या जपल्या असं म्हणवत नाही. नंतर टेपची रिळं एकमेकांना पाठवणाऱ्या हौशी माणसांनी त्या गोळा केल्या, आणि त्या देवघेवीतूनच ही संमेलनं उभी राहिली. म्हणून यांना भाबडे स्मरणवेडे म्हणून हसू नका. अभिलेखागाराचं काम यांनी पदरमोड करून केलं.

आता माझी तक्रार. संमेलनात एक वाक्य कायम ऐकू येतं: रेडिओ म्हणजे मनाचा रंगमंच, ऐकणारा स्वतःचं चित्र स्वतः रंगवतो. हे गोड आहे, पण तपासून पाहिलेलं नाही. रुडॉल्फ आर्नहाइम या जर्मन विचारवंताचं 'रेडिओ' हे पुस्तक 1936 साली लंडनमध्ये निघालं. त्यात एक प्रकरण अंधत्वाच्या स्तुतीचं आहे. त्याचं म्हणणं बरोबर उलटं: रेडिओला चित्राची गरजच नाही. आवाज स्वतःच पुरा असतो, डोळे मिटून कल्पनेनं भर घालणं म्हणजे त्या कलेचा अपमान. मला आर्नहाइम पटतो, पण पूर्ण नाही. पटतो कुठे? जॅक बेनीच्या कार्यक्रमात, 1948 साली, एक लुटारू त्या कंजूष माणसाला विचारतो, पैसे की प्राण? आणि बेनी गप्प राहतो. बस. ती शांतता हाच विनोद. तिथे कुठलं चित्र लागतं? (आजकाल संपादन करणारी सॉफ्टवेअरं अशा जागा आपोआप कापून टाकतात, हा वेगळाच शोकविषय.)

शरीरापासून मुक्ती हा आर्नहाइमचा दुसरा मुद्दा, आणि संमेलनात तो डोळ्यांनी दिसायचा. ऐंशीच्या घरातली नटी कागद हातात घेऊन तरुण प्रेयसीचे संवाद म्हणते आणि कोणी हसत नाही. उलट उदाहरण 'गनस्मोक'चं. 1952 पासून रेडिओवर मार्शल मॅट डिलन साकारला विल्यम कॉनराडनं, काय आवाज होता! 1955 ला मालिका टीव्हीवर गेली तेव्हा तो स्थूल माणूस चालला नाही, उंचापुरा जेम्स आर्नेस आला.

पण ही मुक्ती कोणाला मिळाली, हे विचारायला हवं. 'एमॉस अँड अँडी' 1928 साली सुरू झाली. तिच्या वेळेला सिनेमागृहं चित्रपट थांबवून रेडिओ लावायची, इतकी लोकप्रिय. दोन कृष्णवर्णीय पात्रं, आवाज देणारे दोघे गोरे. 1931 मध्ये 'पिट्सबर्ग कूरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रानं तिच्याविरुद्ध दहा लाख सह्यांचं उद्दिष्ट ठेवून मोहीम उघडली. 'ब्यूला' तर आणखी विचित्र. कृष्णवर्णीय मोलकरणीचं हे पात्र रंगवायचा मार्लिन हर्ट, एक गोरा पुरुष. स्टुडिओत तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचा आणि पहिलं वाक्य येताच गर्रकन वळायचा. सभागृहात हास्यस्फोट! घरी ऐकणाऱ्याला तो हशा का आला हे कळायचंच नाही.

इथे मनाचा रंगमंचही कोसळतो आणि आर्नहाइमही अडचणीत येतो. रेडिओ आंधळा नव्हता. स्टुडिओतले डोळे सगळं बघत होते, त्या बघण्यावरच विनोद बेतलेला होता, आणि घरोघरी फक्त त्याचा प्रतिध्वनी पोचत होता. 1947 साली ती भूमिका हॅटी मॅकडॅनियलला मिळाली. आवाज बदलून कोणीही कोणीही होऊ शकतो, ही सोय व्यवहारात एकाच बाजूला खुली होती.

संमेलनात हा विषय निघाला तर बरेचदा 'तो काळच तसा होता' असं म्हणून पुढे जातात. हे उत्तर मला मान्य नाही. कूरियरची मोहीम त्याच काळातली आहे ना? त्या काळातही माणसं रागावली होती, त्यांनी ते छापलं होतं. म्हणजे काळाचं नाव घेऊन आपण त्यातली अर्धी माणसं वगळतो.

आपल्याकडे वळतो, थोडक्यात. आकाशवाणी मुंबईवरचे 'पुन्हा प्रपंच'मधले पंत, टेकाडे भावजी, मीनावहिनी आठवणारी मंडळी इथे असतील. बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी, नीलम प्रभू हे आवाज घरचे होते, चेहरे फारसे कोणाला माहीत नव्हते. पण अशा श्रुतिका आज आपण बोलतो त्या आठवणीतून, ऐकून नव्हे. 1955 साली पुणे केंद्रावर सुरू झालेलं 'गीतरामायण' टिकलं, कारण ते रेडिओबाहेर पडून सुधीर फडक्यांसोबत मंचावर गेलं. श्रुतिका आणि नभोनाट्यांना असा दुसरा जन्म क्वचितच मिळाला. तेव्हा अमेरिकन हौशींवर टीका करताना आपल्याजवळ टीका करण्याइतकी सामग्री तरी आहे का, हेही बघावं लागतं. प्रपंचातली ती बाई मध्यमवर्गीय घरात काय बोलू शकत होती आणि काय नाही, हे तपासायचं तर आधी ऐकायला हवं.

म्हणून ते जुने भाग दडपा असं मी म्हणणार नाही. 'ब्यूला' लावा, तो हशा मध्येच थांबवा आणि तो कशामुळे आला हे सभागृहाला सांगा. मग कूरियरमधला मजकूर वाचा, त्यानंतर उरलेला भाग ऐकवा. सत्काराचा एक कार्यक्रम कमी झाला तरी चालेल. तासाभराचं सत्र आहे, फार तर दीड तासाचं.

आता तुमचे प्रश्न घेतो.